काळ्या दगडाखाली

माझं लग्न ठरायच्या आधी आण्णा मुलाचं घर बघून आले. आण्णा म्हणजे माझे वडील. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते आणि चुलते पहाटेच्या एसटीनं निघाले, उदगीरला गाडी बदलली आणि देगलूरच्या अलीकडच्या त्या गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. आईनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "कसं हाय?"

"पोरगं चांगलं हाय. घर चांगलं हाय. मानसं बी बोलायला बरी हायत."

"मग?"

आण्णांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "मुलूख आपला न्हाई."

"म्हंजी?"

"काळी संपती तिथं. गावाच्या ह्या अंगाला काळी, त्या अंगाला तांबडी. अन् दगडं बगशील तर हत्तीएवढाले, गुळगुळीत, एकावर एक ठिवल्यावानी. वाटतं, बोट लावलं तर खाली येईल. पन हालत न्हाई."

आई म्हणाली, "तिला काय दगडासंगं नांदायचंय?"

माझं लग्न ठरलं ते या एका वाक्यावर, असं मी आजही म्हणते.

आण्णांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. त्यांना जिल्हा आणि तालुका कचेरीच्या कामापुरते ठाऊक होते. मुलूख ते मातीवरून ओळखत. काळी, बरड, माळ, मांजरेची थडी, अशी त्यांची नावं होती, आणि प्रत्येक नावाबरोबर एक पीक, एक बैल आणि एक स्वभाव यायचा. काळीत पावसाळ्यात पाय रुततो, म्हणून काळीतला माणूस धीराचा असतो. बरडावरचा माणूस चपळ, कारण त्याला चार दिवसांच्या ओलीवर पेरून मोकळं व्हावं लागतं. कुणाच्याही शेतात गेले की ते आधी खाली बसत, ढेकूळ उचलत, बोटांनी फोडत आणि मगच मालकाशी बोलत.

मात्र एका गोष्टीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. मी लहान असताना आमच्याकडं भूकंप झाला. आमच्या गावाच्या भिंती तडकल्या, माणसं वाचली. जवळच्या गावांमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आण्णा तिथं ढिगारे उपसायला गेले होते. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून ते अंगणातच झोपत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "वरची माती मला समजती. खाली काय हाय ते कुनाला ठाव?"

लग्नानंतर सासरी निघालो ती दुपारची वेळ होती. जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. उदगीर मागं पडलं तोवर सगळं ओळखीचं होतं. सपाट काळं रान, ज्वारीचे धांडे, लांबवर एखादं लिंब. मग रस्ता हळूहळू उतरायला लागला. कधी उतरला ते कळलं नाही, पण कानाला हवा वेगळी लागली. काळ्या मातीत तांबडे पट्टे दिसायला लागले. एका वळणावर शिंदीची झाडं दिसली, ओळीनं, तळ्याच्या कडेला, आणि तळ्याखाली भाताची हिरवी खाचरं. तळ्याखाली शेत असतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडं विहिरी होत्या. तळं फक्त देवळापुढं असायचं.

आणि मग ते दगड आले.

आण्णांनी सांगितलं होतं, तरी माझी तयारी नव्हती. आमच्याकडचा दगड म्हणजे काळा कातळ, जमिनीत बसलेला, फोडला तरच वर येणारा. इथं दगड जमिनीवर उभे होते. गुलाबी, राखाडी, पावसानं घासून गोल झालेले, घराएवढे. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि त्याच्या टोकावर एक बकरी. उन्हानं त्यांच्या अंगातले कण चमकत होते. मी नवी नवरी, मान खाली घालून बसायचं सोडून खिडकीतून अर्धी बाहेर आले. शेजारी बसलेल्या नणंदेनं माझा पदर धरला.

"वहिनी, पडताल."

"हे कुणी ठेवले?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. हायतच," ती म्हणाली.

त्या दिवशी गृहप्रवेश, जेवण, देवदर्शन काय काय झालं ते आठवत नाही. संध्याकाळी घराच्या मागच्या दारातून ते दगड पुन्हा दिसले, मावळतीच्या उजेडात अगदी लाल, ते तेवढं आठवतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं माहेर धर्माबादच्या पलीकडं, गोदावरीच्या काठचं, तेलुगू बोलणारं. मला त्या बिड्डा म्हणायच्या, म्हणजे लेकरू. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना वाढत होते. ताटात भात होता, मी वरण घालत होते. त्या म्हणाल्या, "चालु, चालु." मी घालत राहिले. "चालु, बिड्डा, चालु." मी आणखी घातलं. वरण ताटाबाहेर आलं तेव्हा यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हसू आवरेना. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. आत्याबाई ताट उचलून म्हणाल्या, "लई मायाळू सून आनली रे. बुडवून मारती." पुढं कितीतरी वर्षं घरात कुणाला काही पुरे झालं की तो मुद्दाम "चालू ठेवा" म्हणायचा.

त्या घरात मुलूख कशानं ठरतो यावर प्रत्येकाचं निराळं मत होतं. आत्याबाईंच्या मते जिथं दोन्ही वेळा भात शिजतो तो एक आणि जिथं भाकरी थापतात तो दुसरा, आणि त्यांना बिचारीला या दोन्हींच्या मध्ये आणून टाकलेलं. सासरे बाजारावरून सांगायचे. मिरची धर्माबादला जाते, जनावरं उदगीरला, सोयाबीन देगलूरला, म्हणजे आपण तिन्हीकडचे. यांचं मत मोबाईलवर होतं. आमच्या शेताच्या खालच्या टोकाला गेलं की फोन आपोआप तेलंगणाचं नेटवर्क पकडायचा. "घ्या," हे म्हणायचे, "चार पावलं टाकली की दुसऱ्या राज्यात. बैल मात्र इथंच."

मी पुढं गावच्या शाळेत शिकवायला लागले. पठार, मैदान, खोरं, किनारपट्टी असा पाठ होता. तो शिकवताना एका मुलीनं विचारलं, "बाई, आपन कुठल्यात?" पुस्तकात महाराष्ट्राचं पठार असं लिहिलं होतं, मी तेच सांगितलं. तिनं खिडकीबाहेर त्या गोल दगडांकडं पाहिलं. मीही पाहिलं. पठारावर ते कुठून आले ते मी पुस्तकात शोधलं, त्यात नव्हतं.

आमची जमीन दोन तुकड्यांत आहे. खालचा तुकडा तांबडा, गोल दगडांच्या पायथ्याशी. वरचा तुकडा उतारावर, आणि तिथं अजून थोडी काळी टिकून आहे. खालच्या जुन्या विहिरीचं पाणी दरसाल शिमग्यालाच तळाला जायला लागलं, तेव्हा यांनी वरच्या तुकड्यात नवी विहीर खणायचं ठरवलं. मी आण्णांना फोनवर सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला. जावयानं इतक्या वर्षांनी काळीवर विश्वास ठेवला असं त्यांना वाटलं.

"काळ्यात खंदा," ते म्हणाले. "काळा दगड पानी धरून ठिवतो."

पोकलेन आली. आधी काळी माती निघाली, मग मुरूम, मग काळा कातळ. कातळाला सुरुंग लावायचे आणि यारीच्या टोपल्यातून दगड वर काढायचे. विहिरीच्या काठावर काळा ढीग वाढत गेला. शाळा सुटली की मी शेतात जायचे आणि तो ढीग बघून मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी गेले तर काळ्या ढिगावर तांबडं काहीतरी पडलं होतं. मऊ, विटेच्या भुकटीसारखं, हातात घेतलं की तळवा रंगायचा. काम करणारे थांबले होते. त्यांच्यातला वयानं मोठा होता तो म्हणाला, "माल बदलला, बाई. असलं कवा लागलं न्हवतं." हे काळजीत होते. दुसऱ्या दिवशी तांबड्याच्या खालून फिकट, सडलेला, चमचमणारा दगड यायला लागला. फावड्यानं उचलता यावा इतका भुसभुशीत. आणि त्यात मधूनमधून घट्ट तुकडे होते ते गुलाबी होते. गावाबाहेर उभे असलेले तेच.

मी तिथूनच फोन लावला. "आण्णा, दगड बदलला."

"म्हंजी?"

"काळा संपला. खाली तुमचे हत्ती निघाले."

त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "बुजवू नका. मी यायलोय."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते उतरले. हातात पिशवी, डोक्यावर टोपी, गुडघे दुखत असल्यामुळं थांबत थांबत. घरी चहासुद्धा न घेता सरळ शेतात. तो रविवार होता, त्यामुळं माझे धाकटे दीरही देगलूरहून आले होते. ते तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवतात. आण्णा काठावर उभे राहून खाली बघत राहिले आणि मग म्हणाले, "मला खाली सोडा."

हे म्हणाले, "आण्णा, वय काय तुमचं."

"म्हनून तर म्हंतो. पानी भरल्यावर कोन दावनार हाय मला?"

कुणाचं काही चालेना. त्यांनी चपला काढून काठावर ठेवल्या. मला म्हणाले, "तू बी चल." खणत्या विहिरीत बाईमाणसानं उतरू नये असं आमच्याकडं म्हणतात, म्हणून मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या बांधावर बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला. "जा बिड्डा. बगून ये अन् मला सांग."

यारीच्या लोखंडी टोपल्यात आण्णा, दीर आणि मी असे उभे राहिलो. साखळी सुटायला लागली. वरचं ऊन सरकत गेलं, आवाज लांब गेले. समोरून भिंत वर चालली होती. आधी काळी माती, तिच्यात तुरीच्या मुळ्या लोंबत होत्या. मग मुरूम. मग काळा कातळ, सुरुंगाच्या खुणा असलेला, कोरडा, ओळखीचा. आण्णा त्याच्यावरून हात फिरवत होते, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग काळा संपला. हळूहळू नाही, एकदम. सुरीनं कापल्यासारखी रेघ होती. रेघेच्या खाली तांबडा पट्टा, हातभर उंचीचा, विहिरीच्या सगळ्या बाजूंनी फिरलेला. आणि त्याखाली तो फिकट दगड, आणि अगदी तळाला गुलाबी कातळ, ओला.

टोपलं टेकलं. आम्ही उतरलो. तिथं गार होतं. वर आकाश उजेडाच्या एका गोलाएवढं लहान झालं होतं.

"भाऊजी, हे काय आहे?" मी विचारलं.

दीर हळू आवाजात बोलत होते. त्यांनीही हे पुस्तकातच पाहिलेलं होतं, डोळ्यांनी नाही. ते म्हणाले, "वहिनी, हा खालचा दगड आधीचा. लई लई आधीचा. काळा दगड नव्हता तेव्हा ही उघडी जमीन होती. हिच्यावर ऊन पडायचं, पाऊस पडायचा, हिच्यावरून वढे वाहायचे. मग जमिनीला भेगा पडून आतून तापलेला रस आला अन् पसरत पसरत इथपर्यंत आला. तो थिजला, तो आपला काळा दगड. पुण्याकडून तुमच्याकडं, तुमच्याकडून इथं. इथं त्याची कड हाय. इथून पुढं पूर्वेला तो न्हाई, म्हणून ते गोल दगड उघडे हायत."

"अन् हे तांबडं?" आण्णांनी विचारलं.

"ही त्या टायमाची माती, आण्णा. वरून रस आला तेव्हा भाजली."

आण्णांनी पट्ट्याला बोट लावलं. मग सवयीनं, जसं ते कुठल्याही शेतात करत तसं, एक ढेकूळ काढलं आणि बोटांनी फोडलं. भुकटी तळहातावर पसरली. ते तिच्याकडं बघत राहिले.

"वावर म्हना की," ते म्हणाले. "कुनी नांगरलं न्हाई असं वावर."

मी माझी पाचही बोटं त्या तांबड्या मातीवर ठेवली. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी जिच्यावर पाऊस पडला होता, ती ही माती. त्या पावसाला बघायला कुणी नव्हतं. जनावर होतं की नव्हतं, कोण जाणे. आणि दोन दिवसांपूर्वी ती उघडी पडली, आणि पहिला हात लागला तो पोकलेनवाल्याचा आणि आमचा. मी शाळेत बोटानं नकाशावर प्रदेश दाखवत होते. इथं माझ्या एका तळहाताखाली दोन प्रदेश होते, आणि ते शेजारी शेजारी नव्हते. एक दुसऱ्याच्या अंगावर निजला होता.

आण्णांनी एक हात वरच्या काळ्यावर ठेवला, दुसरा खाली वाकून गुलाबी कातळावर. गुडघे दुखत असूनही ते तसेच उभे राहिले.

"आमच्याकडं बी हेच हाय का, खाली?"

"असनार. तुमच्याकडं काळ्याचा थर लई जाड हाय, म्हणून दिसत न्हाई. पण खाली हाच कातळ."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

आण्णांनी विचारलं, "मग तवा हाललं ते हेच का?"

दीरांना क्षणभर कळलं नाही. मला कळलं. त्यांना मी सांगितलं, "भूकंपाचं विचारतात."

दीर म्हणाले, "हाव, आण्णा. काळ्याच्या खाली, ह्या कातळात खोल. तिथं जुनी भेग असंल, ती सरकली."

आण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एवढी वर्षं ज्याच्या भीतीनं ते अंगणात झोपले, त्याच्यावर त्यांचा उघडा पाय टेकला होता. त्यांनी खाली पाहिलं, पाय थोडा हलवून पुन्हा नीट ठेवला. मग म्हणाले, "गार हाय."

तेवढ्यात मला बोटांना ओल जाणवली. तांबड्या पट्ट्याच्या खालच्या कडेला, सडका दगड सुरू होतो तिथं, थेंब जमत होते. एक थेंब फुगला आणि भिंतीवरून ओघळला. मग त्याच्या बाजूचा. दीरांनी टॉर्च धरली तेव्हा दिसलं, अख्ख्या विहिरीला गोल फिरून ती रेघ पाझरत होती. काळ्यातून नाही, गुलाबीतूनही नाही. दोघांच्या मधून.

वर आलो तेव्हा आत्याबाई उठून उभ्या होत्या. "काय हाय खाली?"

मी म्हटलं, "खाली एक रान आहे, आत्याबाई. जुनं."

"पानी?"

"हाव, पानी बी हाय."

त्यांनी आण्णांच्या हाताकडं पाहिलं. तळवा तांबडा झाला होता. त्यांनी पदराच्या टोकानं तो पुसायला घेतला, तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." व्याह्यांसमोर कधी मोकळं न बोलणारे आण्णा बांधावर बसले आणि सासऱ्यांना खाली काय पाहिलं ते सांगत राहिले. सासरे कमी ऐकतात, म्हणून मोठ्यानं. यारीवालेही जवळ येऊन बसले.

पुढं आणखी थोडं खणलं आणि घट्ट कातळ लागल्यावर काम थांबवलं. उन्हाळा असूनही पाणी चढत राहिलं. विहीर बांधून काढायची वेळ आली तेव्हा हे गवंड्याशी बोलून एक बाजू पायऱ्यांजवळ उघडी ठेवून आले. मला आधी सांगितलंही नव्हतं. पाणी खाली गेलं की त्या बाजूला रेघ दिसते. गेल्या उन्हाळ्यात मी शाळेतल्या पोरांना तिथं नेलं. काठावरून बघायला लावलं, एकेकाला हाताला धरून.

विहीर खणली त्या वेळी आण्णा मुक्कामाला राहिले होते. रोज सकाळी ते गोल दगडांमध्ये फिरायला जायचे आणि उन्हं चढली की परत यायचे. एका दगडाला त्यांनी जोर लावून ढकलूनही पाहिलं, असं बकऱ्या राखणाऱ्या म्हातारीनं आत्याबाईंना सांगितलं. गावी परतल्यावर त्यांनी अंगणातली बाज आत घेतली की नाही ते मी विचारलं नाही. आईनंच सांगितलं, घेतली.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. शेजारच्या शेतात बोअर मारत होते आणि आण्णा सकाळपासून तिथं जाऊन बसले होते. मागं यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"लई खोल गेलेत," ते ओरडून म्हणाले. "भुकटी बगायलोय. काळीच येती."

"तुमच्याकडं थर जाड आहे, आण्णा."

"ते ठाव हाय मला. मानसं म्हंत्यात, म्हातारा कशापायी बसलाय उन्हात."

"मग काय सांगितलं?"

"काय सांगू? ज्यानं बगितलं न्हाई त्याला काय सांगायचं." यंत्राचा आवाज वाढला. ते थांबले, मग हळू आवाजात, जणू कुणी झोपलेलं जागं होईल असं, म्हणाले, "पन हाय खाली. आपुन हात लावलाय."